उरलेल्या गोळ्या

सकाळी सव्वासहा

डोंबिवलीहून सुटणाऱ्या लोकलमध्ये बसायला मिळालं की मी आधी फोन काढते. रात्रीतून आलेले निरोप इथेच वाचून होतात. आज एका काकूंच्या सुनेनं गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटाचा फोटो पाठवलाय, साताऱ्याकडच्या एका ताईंनी तळपायाचा. एका मावशींनी आवाज रेकॉर्ड करून विचारलंय, "ताई, पहाटेच्या एसटीनं निघायचंय, तर रात्रीच जेवून दोन्ही वेळच्या गोळ्या घेतल्या तर चालंल का?" याचं उत्तर लगेच द्यावं लागतं. नाही चालणार. दोन वेळांत साधारण बारा तास हवेत, आणि गोळी जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत. निघताना चार घास खा, मग घ्या.

मी मुंबईतल्या एका कॅन्सर रुग्णालयात क्लिनिकल ट्रायलची कोऑर्डिनेटर आहे. माझ्याकडची ट्रायल स्तनाच्या पसरलेल्या कॅन्सरची, म्हणजे जो हाडांत, यकृतात किंवा फुप्फुसात गेलाय त्याची. दोन गट आहेत. एका गटाला कॅपेसिटॅबिन ही ओळखीची केमोची गोळी, दुसऱ्याला नवी गोळी. नव्या गोळीचं नाव इथे लिहीत नाही. ट्रायल चालू असताना त्याची बाहेर चर्चा करायची नसते.

सलाईनमधून केमो दिली की किती गेली, किती वाजता संपली हे नर्सच्या कागदावर असतं. गोळी मात्र घरी घेतली जाते. चुलीपाशी, शेतावर जायच्या घाईत, नातवाला भरवता भरवता. घेतली की नाही हे त्या बाईलाच ठाऊक. ती खरं सांगेल तेवढीच आमची ट्रायल खरी, आणि खरं सांगताना तिला धास्ती वाटू नये यासाठी मी दिवसभर धडपडत असते. माझ्या नेमणुकीच्या पत्रात हे काम लिहिलेलं नाही. बाकी सगळं लिहिलंय.

आठ

संशोधनाच्या औषधांची खोली वेगळी, कुलूप वेगळं, रजिस्टर वेगळं. फार्मासिस्टबरोबर उभी राहून रात्रभरातल्या तापमानाची नोंद बघते, बॅच नंबर आणि मुदत जुळवते. पारा ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला असेल तर तो साठा बाजूला काढून आधी कळवायचं, मग बाकी सगळं.

इथे अंशाअंशावर लक्ष ठेवलेल्या या गोळ्या मे महिन्यात मराठवाड्यातल्या पत्र्याच्या घरात जाऊन राहतात. म्हणून देताना सांगते: चुलीजवळच्या फडताळात नको, घरातल्या गार कोपऱ्यात ठेवा, पोरांचा हात पोचणार नाही असं. गोळी कुटायची नाही, मोडायची नाही. सून गरोदर असेल तर तिनं काढून द्यायची नाही.

पावणेनऊ

रक्त तपासायची रांग. नव्या खेपेच्या गोळ्या देण्याआधी न्यूट्रोफिल दीड हजाराच्या वर आणि प्लेटलेट एक लाखाच्या वर हव्यात. किडनीही बघावी लागते, कारण ती मंद असेल तर औषध अंगात साठून राहतं. आमच्याकडे येणाऱ्या पुष्कळ बायका मुळात बारीक. वजन दोन किलोनं उतरलं की सगळे हिशेब नव्याने.

मात्रा शरीराच्या क्षेत्रफळावर ठरते. कॅपेसिटॅबिनची छापील मात्रा दर चौरस मीटरला १२५० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, १४ दिवस, मग ७ दिवस सुट्टी; ही एक खेप. बरेच डॉक्टर १००० पासूनच सुरुवात करतात. दीड चौरस मीटरच्या बाईला १००० च्या हिशेबानं ५०० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या सकाळी, तीन रात्री. एका खेपेच्या ८४.

नऊ वाजून वीस

बीडकडच्या मावशी आल्या. पिशवीतून आधी गोळ्यांची पाकिटं निघाली, मग रोजच्या गोळ्यांची नोंद ठेवायची वही. ८४ दिल्या होत्या, एकही उरायला नको होती. मी त्यांच्यासमोर मोजल्या. अकरा.

नवीन कोऑर्डिनेटर शिकायला येतात तेव्हा या क्षणी त्यांच्या तोंडून हमखास निघतं, "मावशी, गोळ्या का नाही घेतल्या?" हा प्रश्न एकदा कानावर पडला की पुढच्या खेपेला पाकीट रिकामं येतं. गोळ्या पोटात गेलेल्या असतात असं नाही, कधी कधी मोरीत गेलेल्या असतात. मग आमच्या कागदावर शंभर टक्के लिहिलं जातं आणि औषधाबद्दल जे काही कळायचं ते चुकीचं कळतं. म्हणून मी विचारते, "या चौदा दिवसांत अवघड दिवस कुठले गेले?"

मावशी बोटांवर मोजायला लागल्या. एक संकष्टी. दिवसभर पोटात काही नाही, चंद्र उशिरा, मग सकाळच्या तीन राहिल्या. भाच्याच्या लग्नात दोन वेळा राहिल्या. चारचौघांत पिशवीतून पाकीट काढायचं नव्हतं. झाल्या नऊ.

"आन् एकदा एकच घेतली. दोन गिळंनात."

अकराचा हिशेब लागला. वहीत हे सगळं आम्ही दोघींनी मिळून तारखांसकट लिहिलं. संकष्टीचं मी त्यांना समजावलं: साबुदाण्याची खिचडी किंवा भगर खाऊन घेतली तरी गोळीला चालते, गोळीला पोटात अन्न हवंय. "मग आधी सांगायचं की," म्हणाल्या. छापील सूचनेत 'जेवणानंतर' एवढंच आहे. उपास आमच्याकडच्या निम्म्या बायकांच्या आठवड्यात असतो, तो कुठल्याच छापील सूचनेत नसतो. आणि घरातले सगळे जेवल्यावर पानावर बसणाऱ्या बाईचं रात्रीचं जेवण कधी अकराला होतं, तेही नसतं.

मग हात. तळवे लालसर, चकाकणारे, बोटांच्या टोकांची कातडी पातळ झालेली. तळपायाला टाचेपाशी भेगा. कॅपेसिटॅबिनचा हा नेहमीचा त्रास. त्याच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत: नुसती कातडी बदलली तर पहिली, दुखून रोजची कामं अडायला लागली तर दुसरी, स्वतःचं आवरणंही जमेना तर तिसरी. "दुखतं का" असं विचारलं तर बायका "थोडं थोडं" म्हणतात, मग ते काहीही असो. मी विचारते, भाकरी थापता येते का? तवा उतरवता येतो का? ब्लाउजची बटणं कोण लावतं? चप्पल घालून पाणी आणायला जाता का? मावशींची भाकरी आता सून थापते. दुसरी पायरी. डॉक्टरांना दाखवून या खेपेच्या गोळ्या लांबल्या.

उठता उठता मावशी म्हणाल्या, "रेशनच्या दुकानात मशीन माझा अंगठाच घेईना. त्यो म्हणतो, तुमचं नाव उडालं."

नाव उडालेलं नाही, अंगठ्यावरच्या रेषा उडाल्यात. या औषधानं बोटांचे ठसे पुसट झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. परदेशात एक रुग्ण विमानतळावर याच कारणानं अडकला होता. आपल्याकडे ते रेशनच्या दुकानात, बँकेत, पेन्शनच्या रांगेत समजतं. कार्डावर नाव असलेल्या घरातल्या दुसऱ्या कुणाचाही अंगठा चालतो हे सांगितलं, डॉक्टरांचं पत्रही दिलं. ही तक्रार मी ट्रायलच्या नोंदीतही घेते. धान्य न मिळणं कुठल्याच यादीत बसत नाही, पण औषध घेण्याची किंमत काय पडते ते त्यातच दिसतं.

हातापायांच्या या त्रासावर अलीकडे झालेलं सगळ्यात उपयोगी काम आपल्याच देशातलं आहे, याचा मला अभिमान वाटतो. दिल्लीच्या एम्समध्ये कॅपेसिटॅबिन घेणाऱ्या २६४ रुग्णांना दोन गटांत विभागून एका गटाच्या हातांना डायक्लोफेनॅकचं जेल लावायला दिलं, दुसऱ्याला तसंच दिसणारं साधं जेल. पाठदुखीसाठी औषधाच्या दुकानात मिळतं तेच हे जेल. दुसऱ्या-तिसऱ्या पायरीचा त्रास साध्या जेलवाल्यांत १५ टक्क्यांना झाला, डायक्लोफेनॅकवाल्यांत ३.८ टक्क्यांना. २०२४ मध्ये हे प्रसिद्ध झालं. महागडं काही नाही, हातांना लावायचं मलम. अशी ट्रायल करायला आधी कुणीतरी भाकरी न थापता येणाऱ्या हातांकडे नीट बघावं लागतं.

साडेदहा

संमतीची खोली. इथे कॅमेरा आहे. नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये दुर्बल परिस्थितीतल्या रुग्णांची संमती आवाज आणि चित्रासकट रेकॉर्ड करावी लागते. २०१९ च्या नियमांतही ते कायम आहे. हे ओझं आहे असं म्हणणारे लोक मला भेटतात. मला ते तसं वाटत नाही. कॅमेरा चालू असला की आमच्यातल्या कुणालाही घाईघाईनं पानं उलटवता येत नाहीत.

आज आलेल्या एका काकूंच्या मुलानं आत जाण्याआधी मला व्हरांड्यात गाठलं. "मॅडम, आईला स्टेजबिज काही सांगू नका. तिला वाटतंय जुन्याच ऑपरेशनचं राहिलेलं औषध आहे."

रोज कुणीतरी हे म्हणतं, आणि ते प्रेमानंच म्हणतं. मी त्याला सांगितलं की ज्या आजारासाठी औषध तपासतोय तो आजार कोणता हे न सांगता तिची सही घेतली तर ती सहीच खोटी. आम्ही घाबरवणार नाही, पण ती जे विचारेल त्याचं खोटं उत्तरही देणार नाही. तुम्ही शेजारी बसा. तो बसला.

डॉक्टरांनी विचारलं, "काकू, तुमच्या आजाराबद्दल तुम्हाला काय माहीत आहे?"

"पसरलंय, एवढं कळतंय," त्या म्हणाल्या. "ऑपरेशन छातीचं झालं होतं, आणि फोटो काढताय कमरेचा."

मुलगा खाली बघत राहिला. नंतरचा पाऊण तास त्याचा एकही शब्द अडवणारा नव्हता.

काकूंनी थेट विचारलं, या गोळीनं बरी होईन का. डॉक्टर म्हणाले, आजार पूर्ण जाईल असं या टप्प्यावर मी सांगू शकत नाही. तो आवरून धरायचा, दुखणं कमी करायचं, जितके दिवस मिळतील ते घरी, चालते-फिरते मिळावेत यासाठी हे औषध. काकूंनी मान हलवली आणि पुढचं पान उघडलं. चौथीपर्यंत शिकलेल्या आहेत, ओळीवर बोट ठेवून वाचतात. वाचता येत नसतं तर घरच्यांपैकीही नाही आणि आमच्यापैकीही नाही असा तिसरा साक्षीदार बसवला असता.

शंका मुलाची होती. "गोळीत तेवढा दम असतो का? सलाईन ती सलाईन."

ही समजूत घट्ट आहे, आणि तिच्यापायी लोक गोळी हलकी समजून हलक्यानंच घेतात. मी सांगितलं: कॅपेसिटॅबिन पोटातून रक्तात जाते तेव्हा तिचं खरं रूप अजून झालेलं नसतं. यकृतात तिचे दोन बदल होतात, आणि शेवटचा बदल ज्या विकरामुळे होतो ते विकर बऱ्याच गाठींत आजूबाजूच्या निरोगी भागापेक्षा जास्त असतं. शेवटी तयार होतं ते फाइव्ह-एफयू, सलाईनमधून वर्षानुवर्षं देत आलेलंच औषध. अमेरिकेत १९९८ साली पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरसाठी या गोळीला मान्यता मिळाली. त्यामागच्या मुख्य अभ्यासात १६२ रुग्ण होत्या, नेहमीच्या केमो घेऊन थकलेल्या. गाठ मोजता येत होती अशांपैकी दर पाचांत एकीची गाठ चांगली आकसली. म्हणजे चार जणींची नाही. मी हा दुसरा भागही सांगते.

"मग आईला नवीच द्या. नवी जास्त चांगली असेल ना."

दोन्हींत कोणती चांगली हे कुणालाच माहीत नाही, म्हणून तर ट्रायल. कुठल्या गटात नाव पडेल हे कॉम्प्युटर ठरवतो. माझ्या, डॉक्टरांच्या किंवा तुमच्या ओळखीच्या कुणाच्या हातात ते नाही. हे पटवायला मी टेसिटॅक्सेलची गोष्ट सांगते. तीन आठवड्यांतून एकदाच घ्यायची केमोची गोळी. ६८५ रुग्णांच्या ट्रायलमध्ये एका गटाला ती कमी मात्रेच्या कॅपेसिटॅबिनबरोबर दिली, दुसऱ्याला नुसती कॅपेसिटॅबिन. नव्या गटात आजार आवरून राहण्याच्या काळाचा मध्यक ९.८ महिने होता, जुन्यात ६.९. ऑगस्ट २०२० मध्ये हे आकडे जाहीर झाले तेव्हा ते वाचून मी सुखावले होते. पण त्याच निकालात होतं की नव्या गटातल्या ७१ टक्के रुग्णांच्या पांढऱ्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत उतरल्या, जुन्यात ८ टक्क्यांच्या. मार्च २०२१ मध्ये कंपनीनं त्या औषधाचं काम थांबवलं. जवळजवळ तीन महिन्यांचा फायदा दिसूनही. नव्या गोळीत काय दडलंय ते आधी दिसत नाही.

काकूंचे प्रश्न वेगळे होते. पैसे लागतील का? ट्रायलच्या औषधाला आणि त्यासाठीच्या तपासण्यांना नाही. येण्याजाण्याचा खर्चही मिळतो. मध्येच सोडावंसं वाटलं तर इथले उपचार बंद करतील का? नाही. कारणही सांगावं लागणार नाही. औषधानं अपाय झाला तर? तर उपचार आणि भरपाईची जबाबदारी कुणाची ते अमुक पानावर आहे, हे बघा.

मग मी नेहमीप्रमाणे म्हटलं, "आता तुम्ही मला समजावून सांगा, काय ठरलंय ते." त्यांनी सांगितलं. "दोन गोळ्या आहेत. चिठ्ठी टाकून एक मिळंल. बरी होईनच असं नाही. नको वाटलं तर सोडायची." माझ्याजवळच्या कुठल्याही माहितीपत्रकापेक्षा हे नेमकं होतं.

सही त्यांनी आज केली नाही. कागद घेऊन दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत गेल्या, तिथे उतरल्यात. उद्या सांगतील. मी थांबवलं नाही आणि आठवणीचा फोनही करणार नाही. ज्या बाईला एक रात्र विचार करू दिला ती दोन महिन्यांनी जुलाब लागल्यावर लपवत नाही, असा माझा अनुभव आहे.

साडेबारा

स्कॅनची बैठक. रेडिऑलॉजिस्ट, डॉक्टर, मी. गाठी मोजण्याचा नियम जगभर एकच वापरतात, २००९ पासूनचा: जास्तीत जास्त पाच गाठी निवडायच्या, एका अवयवातल्या दोनपेक्षा जास्त नाही, त्यांच्या लांब्यांची बेरीज करायची. बेरीज ३० टक्के उतरली तर औषध लागू पडलं. आजवरच्या सगळ्यात लहान बेरजेपेक्षा २० टक्के आणि किमान ५ मिलिमीटर वाढली तर आजार पुढे गेला.

आज एका ताईंची बेरीज ६४ वरून ८१ झाली. सव्वीस टक्क्यांच्या वर. चर्चेला जागा नाही.

एक वाजता डॉक्टरांनी त्यांना सांगितलं. मी शेजारच्या खुर्चीत होते. ताई पस्तिशीच्या पुढच्या, शाळेत शिकवतात, त्यांची वही आमच्याकडच्या सगळ्यांत नीट. वेळेसकट नोंदी, लाल पेनानं समास. ऐकून त्या माझ्याकडे वळल्या आणि म्हणाल्या, "पण मी एकही गोळी चुकवली नव्हती."

हे वाक्य मला सगळ्यात जड जातं. बायका स्वतःचं वागणं तपासायला लागतात: परवा बाहेरचं खाल्लं, त्या आठवड्यात शाळेत ताण होता, एकदा गोळी वीस मिनिटं उशिरा घेतली. मी त्यांची वही उघडून त्यांच्यासमोर ठेवली. तुम्ही सगळं बरोबर केलंत, म्हणून तर आता ठामपणे म्हणता येतं की या आजाराला हे औषध पुरलं नाही. तुम्ही निम्म्या गोळ्या टाकून दिल्या असत्या तर आम्हाला वाटलं असतं, पूर्ण घेतल्या असत्या तर कदाचित. डॉक्टर मग पुढच्या औषधाबद्दल बोलले. ट्रायलमधून औषध थांबलं तरी माझा फोन ठरावीक काळानं चालू राहील, हे मी सांगितलं. त्या म्हणाल्या, "करा." वही त्यांनी माझ्याकडेच ठेवली, ती आमच्या फायलीत जाते.

दोन

डबा. आज जेवणाच्या टेबलावर शिकाऊ मुलीनं विचारलं, लोकांना गोळी आवडतेच ना, सुईपेक्षा? १९९७ सालचा कॅनडातला एक छोटा अभ्यास मी तिला सांगितला. १०३ रुग्णांना विचारलं, त्यांतल्या ९२ जणांनी गोळीला पसंती दिली. पण गोळीनं गुण कमी येणार असेल तर? सत्तर टक्के लोक म्हणाले, मग नको. सोय हवी असते, पण तिच्या बदल्यात आयुष्य द्यायला बहुतेक जण तयार नसतात. तिनं ते वहीत उतरवून घेतलं.

त्यानंतरचा तासभर कॉम्प्युटरवर गेला. तारखा, गोळ्यांचे आकडे, आमच्या नोंदी तपासणाऱ्या मॉनिटरनं काढलेल्या शंका. मावशींच्या अकरा गोळ्यांपुढे कारण लिहायच्या चौकटीत मी 'संकष्टी, लग्न, गिळता आली नाही' हे इंग्रजीत समजेल असं लिहिलं. यावर शंका येणार, मी उत्तर देणार.

तीन वाजून वीस

यवतमाळ जिल्ह्यातून फोन. कॅपेसिटॅबिनच्या गटातल्या तिथल्या एका काकूंची सून. "ताई, आईले लय संडास लागली जी. कालपासून."

"किती वेळा?"

"रात्रीपासून आठ-नऊ डाव. उठवत नाही त्यायले."

नेहमीपेक्षा सात किंवा जास्त वेळा म्हणजे तिसरी पायरी. "गोळ्या कधीपासून बंद आहेत?"

पलीकडे शांतता. मग, "आजही सकाळी घेतल्या न."

दुसरी खेप, अकरावा दिवस. दिवसाला चार किंवा जास्त वेळा वाढलं की गोळ्या थांबवून फोन करायचा, हे रुग्णाला दिलेल्या कार्डावर मोठ्या अक्षरात आहे, मी स्वतः दोनदा वाचून दाखवलेलं आहे. तरी त्यांनी घेतल्या, आणि का घेतल्या ते सून सांगत होती: "त्या म्हणे, चुकवली तं नाव काढून टाकतीन."

सगळी भीती या एका वाक्यात असते. फुकट मिळणारं औषध, मुंबईचा डॉक्टर, नावाची फाईल हे सगळं हातचं जाईल अशी. त्यापायी बाई शरीरातलं पाणी संपेपर्यंत गोळी गिळत राहते. औषधाच्या धोक्यांची यादी आम्ही पानंच्या पानं छापतो. हा धोका त्या यादीत मी कधी पाहिला नाही, आणि माझ्या मते तो पहिल्या पानावर हवा.

सुनेला सांगितलं: गोळ्या आत्ताच्या आत्ता बंद. मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस घोट घोट, आणि गाडी करून लगेच दवाखान्यात, सकाळची वाट बघायची नाही. फोन चालू ठेवा. डॉक्टरांना ओपीडीतून बोलावून आणलं. ते जुलाबाच्या औषधाबद्दल आणि सलाईनबद्दल तिथल्या डॉक्टरांशी बोलणार होते. मी तोवर आणखी एक गोष्ट विचारली. घरात दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू आहेत का?

"आशाताईनं रक्त वाढायच्या लाल गोळ्या देल्ल्या."

लोह आणि फॉलिक ॲसिड. आशाताईंनी चांगल्या मनानं, चेहरा पांढराफटक बघून दिल्या. पण फॉलिक ॲसिडनं कॅपेसिटॅबिनचा त्रास वाढू शकतो. त्याही बंद. आशाताईंचा नंबर घेतला. त्यांना रागावायला नाही, त्यांच्या भागात या गोळ्या घेणारी दुसरी बाई आली तर त्यांना ठाऊक असावं म्हणून.

हेच पहिल्या खेपेच्या पहिल्या आठवड्यात झालं असतं तर डॉक्टरांना डीपीडीची शंका आली असती. हे औषध शरीरात मोडून टाकणारं ते विकर. काही माणसांत ते जन्मतःच कमी असतं, आणि त्यांना नेहमीची मात्राही जिवावर बेतू शकते. काकूंची पहिली खेप सुरळीत गेली होती.

पाच

तालुक्याच्या दवाखान्यात काकूंना दाखल करून घेतलं. दाखल करावं लागलं म्हणजे आमच्या भाषेत गंभीर घटना, आणि घड्याळ सुरू. २४ तासांच्या आत प्रायोजक, एथिक्स कमिटी आणि केंद्रीय औषध नियंत्रक, तिघांनाही कळलं पाहिजे. सविस्तर विश्लेषण १४ दिवसांत. उपचाराचा खर्च काकूंच्या घरच्यांवर पडणार नाही, हे तिथल्या काउंटरवर फोन करून आधी सांगितलं, मग अर्ज भरायला बसले. क्रम मुद्दाम तसा. काउंटरवर पैशाची गोष्ट निघाली की नातेवाईक रुग्णाला उचलून घरी नेतात.

अर्जात लिहिलं: शेवटची मात्रा आज सकाळी. लाल गोळ्यांचंही लिहिलं. गोळ्या का चालू ठेवल्या याला अर्जात चौकट नव्हती, म्हणून खाली मोकळ्या जागेत लिहिलं, आणि एथिक्स कमिटीसाठी वेगळी टीप जोडली: कार्डाच्या पहिल्या ओळीत 'गोळी थांबवली म्हणून तुमचं नाव निघत नाही' असं छापायची परवानगी मागणारी. कार्डातला एक शब्द बदलायचा तरी कमिटीची मान्यता लागते. मिळायला वेळ जाईल. तोवर तोंडी सांगत राहीन.

सव्वासात

परतीच्या गाडीत उभ्यानं. धर्मशाळेतून कुणाचा फोन नाही. साताऱ्याच्या ताईंना तळपायाबद्दल उत्तर दिलं, उद्या डॉक्टरांना फोटो दाखवते, तोवर गरम पाण्यात पाय नकोत.

साडेआठ

घरी कुकर लावला आणि यवतमाळला फोन केला. पोटॅशियम कमी निघालं, सलाईन चालू आहे, संध्याकाळपासून दोनदाच. काकू स्वतः बोलल्या. आवाज बारीक, पण पहिला प्रश्न तयार होता.

"बाई, मायं नाव गेलं का?"

नाही गेलं. जुलाब पूर्ण थांबू देत, ताकद येऊ दे, रक्त तपासू. मग डॉक्टर ठरवतील; बहुतेक मात्रा पाऊणपट करून पुन्हा सुरू होईल. आत्ता तीन गोळ्या घेत होता, तिथे दोन मोठ्या आणि एक लहान. राहिलेल्या दिवसांच्या गोळ्या नंतर भरून काढायच्या नाहीत, त्या तशाच पिशवीत ठेवा आणि येताना घेऊन या. एकही फेकू नका.

"आन् वहीत काय लिहू? हे दिवस तं खालीच रायले."

"तेच लिहा काकू. कोणत्या दिवशी नाही घेतली, ते आधी लिहा."

त्यांनी सुनेला हाक मारून पेन मागितलं.